मोहबोडीच्या ट्रॅक्टरचं पातं

माझी बायको बायना वारल्यापासून मी मोहबोडीला गेलो नव्हतो. मोहबोडी तिचं माहेर, चिमूरच्या पुढे जंगलाला लागून. तिच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिकडची सगळी माणसं माझ्या घरी भद्रावतीला आली होती. निघताना सगळे "या, भाऊजी" म्हणाले, मी "येतो" म्हणालो, आणि गेलो नाही. जायला अडचण काही नव्हती. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधल्या फिटरच्या नोकरीतून मी त्याआधीच रिटायर झालो होतो. मुलगी वर्ध्याला सासरी. पण त्या गावात मी कधी एकटा गेलेलो नव्हतो. बसमधून उतरलं की बायना पुढे आणि पिशव्या घेऊन मी मागे, असंच नेहमी.

सत्त्याऐंशी साल होतं. फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी दार वाजलं. उघडून पाहतो तर धुरपता, माझ्या साळ्याची, इसरूची बायको. डोक्यावर गाठोडं, पायात धूळ. एवढ्या लांब ती एकटी पहिल्यांदाच आली होती.

"भाऊजी, जेवले का?"

"जेवलो."

"काय जेवले?"

ती सरळ आत गेली, भाताच्या गंजावरचं झाकण उचललं आणि तिथूनच ओरडली, "ह्याले जेवण म्हणता का? कोरडा भात?" मग पाणीसुद्धा न पिता तिनं बेसनाचं चून म्हणजे पिठलं टाकलं, मला दुसऱ्यांदा जेवायला बसवलं आणि समोर बसून आपला उजवा हात पुढे केला. मधल्या बोटाचं नख काळंनिळं झालं होतं.

"पिनीत चेंदलं," ती म्हणाली. "आता तुमीच काही करा."

तिनं सांगितलं ते असं. मोहबोडीच्या जंगल कामगार सोसायटीकडे एक लहान ट्रॅक्टर होता आणि इसरू त्याचा ड्रायव्हर. उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा साफ करतात. म्हणजे झाडांमधून रुंद पट्टा काढायचा आणि त्यावरचा पालापाचोळा हटवायचा, की एका बाजूला आग लागली तर ती पट्टा ओलांडून दुसरीकडे जात नाही. सगळे तिला लाइन म्हणतात. पाला ढकलायला ट्रॅक्टरच्या तोंडाला एक लोखंडी पातं लावलेलं. ते वर-खाली व्हायचं हायड्रॉलिकवर, पण तिरपं करायचं असेल तर खाली उतरून पिन काढावी लागायची, पातं पहारीनं सरकवावं लागायचं आणि पुन्हा पिन ठोकावी लागायची.

पातं सरळ असेल तर पाला समोर साचत जातो आणि ट्रॅक्टर अडतो. तिरपं असलं की पाला घसरत एका बाजूला पडतो. नाल्याजवळच्या लाइनला एका अंगाला नाला आणि दुसऱ्या अंगाला बांबूच्या रांज्या, म्हणजे बेटं. पाला नाल्याकडेच पडला पाहिजे, बांबूत नाही. जाताना नाला डावीकडे येतो, परतताना उजवीकडे. म्हणजे दर फेरीला पातं फिरवायचं. आणि इसरूचा गुडघा पावसाळ्यात ट्रॉलीच्या दांड्याखाली सापडला तेव्हापासून वाकत नव्हता.

"मग पिन कोण काढते?" मी विचारलं.

"कोण काढीन? मीच काढते. सकाळपासून ट्रॅक्टरच्या मागं मागं. ते वर बसून हुकूम सोडते, मी खालून पिन काढते. लोक म्हणते, धुरपता ट्रॅक्टरची कंडक्टर झाली." ती हसली, मग हसणं थांबलं. "पण आता मोह पडीन, भाऊजी. मोहाची फुलं वेचाले मी नाई गेली तर वर्षभर घरात काय राहीन? डोमाभाऊनं सांगून टाकलं. म्हणे, तू मोहाले गेली की मी सुकलूले ट्रॅक्टरवर बसवतो, त्याचे दोनी पाय धड हाय."

डोमा मडावी सोसायटीचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. एका ट्रॅक्टरवर दोन माणसं ठेवणं सोसायटीला जमणार नव्हतं, आणि त्याचंही चूक नव्हतं. पण इसरूला तो गुडघा घेऊन ना नांगर धरता येत होता, ना बांबू तोडता येत होता. ट्रॅक्टरवर बसणं तेवढं जमत होतं. ते गेलं की घरी बसायचं.

"इसरूनं तुला पाठवलं?"

"त्यायले मालूमच नाई. बाजाराले जाते म्हणून निघाली." मग जरा थांबून म्हणाली, "भाऊजी, बसल्या बसल्या पातं फिरीन असं काही होते का नाई होत?"

होत होतं. वर्कशॉपमधल्या लोडरना जॅक असतातच. तेलाच्या दाबानं दांडा आत-बाहेर जातो. तसा एक जॅक पात्याच्या एका बाजूला बसवला आणि ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकचं तेल त्याला दिलं की झालं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग घाला चपला."

"आज नाही, धुरपताबाई. सामान जमवावं लागेल. परवा येतो."

"मागच्या बारीलेबी येतोच म्हणाले होते." ती दारात गाठोडं घेऊन उभी राहिली. "नाई आले तर मी पुन्हा येते अन् मंग इथीच राहते. मोह पडू दे, नाईतर सडू दे."

ती गेल्यावर मी तसाच बसून राहिलो, पण फार वेळ नाही. जॅक कुठे मिळेल ते डोक्यात सुरू झालं होतं.

भंगारवाल्याकडे एका मोडलेल्या लोडरचा स्टिअरिंगचा जॅक मिळाला. दांड्यावर गंज नव्हता, हे महत्त्वाचं, नाहीतर तेल अडवणारं सील टिकत नाही. घरी आणून खोलला, आतली सीलं नवीन टाकली, दोन जाड रबरी पाइप आणि एक वॉल्व्ह पैदा केला. वॉल्व्हला एक लिव्हर असतो. ओढला की तेल एका पाइपात, ढकलला की दुसऱ्या पाइपात, सोडला की बंद. सगळं पोत्यात घातलं आणि सकाळची बस पकडली.

कंडक्टरनं पोत्याला पाय लावून पाहिला. "काय हाय बे यात? तोफ हाय का?"

"जॅक आहे."

"तिकीट लागीन त्याले. माणसापेक्षा वजनदार हाय."

चिमूरला बस बदलली. मोहबोडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा पोतं खाली ठेवून जरा उभा राहिलो. पुढे चालणारं कुणी नव्हतं. मग पोतं खांद्यावर घेतलं. ते इतकं जड होतं की गाव येईपर्यंत दुसरा विचार करता आला नाही, हे बरं झालं.

इसरू अंगणात खाटेवर लंगडा पाय लांब करून बसला होता. मला पाहून उठायला लागला.

"बस, बस, साळेबुवा."

"भाऊजी! अचानक?" त्यानं पोत्याकडे पाहिलं, मग धुरपताकडे. ती घाईघाईनं पाण्याचा गडवा आणायला आत गेली. "बाजाराले गेलती म्हणे ही," इसरू म्हणाला. "भद्रावतीचा बाजार लय दूर हाय, बाप्पा."

"बाजारातून काय आणलं पाहा न पहिले," ती आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चिमूरला नेऊन वेल्डिंगच्या दुकानात दोन कान वेल्ड करून घेतले, एक पात्याच्या मागे डाव्या बाजूला, एक ट्रॅक्टरच्या चौकटीवर. जॅकची दोन टोकं या कानांत पिननं बसतात. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. पातं सरळ असताना जॅकचा दांडा अर्धा बाहेर असला पाहिजे, तरच ते दोन्हीकडे सारखं फिरतं. नाहीतर एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे जरासं, असं होतं. मी दांडा अर्धा ओढून मग कानाच्या खुणा केल्या. दांडा बाहेर गेला की पात्याचं डावं टोक पुढे जाणार आणि पाला उजवीकडे पडणार. दांडा आत आला की पाला डावीकडे.

बाकीचं काम सोसायटीच्या गोदामापुढे झाडाखाली केलं. इसरू शेजारी दगडावर बसून पाने देत होता. मागितला बारा नंबरचा पाना तर चौदाचा देई. पण हात कामात गेले आणि मला बरं वाटायला लागलं. तेलाचा वास, पान्याचा आवाज, बोटांना लागलेलं ग्रीस. कित्येक महिन्यांत इतकी भूक लागली नव्हती.

"भाऊजी, तुमाले मालूम हाय का," इसरू म्हणाला, "तुमचं लग्न ठरलं तवा बाईनं बाबाले इचारलं होतं, फिटर म्हंजे काय करते?" बायना त्याची मोठी बहीण, तो तिला बाई म्हणायचा.

"काय म्हणाले बाबा?"

"बाबा म्हणे, नट पिळते. तर बाई म्हणे, दिवसभर?"

मला इतकं हसू आलं की हातातला पाइप सुटला आणि तेल पायजम्यावर सांडलं. बायनानं हे मला कधी सांगितलं नव्हतं. नंतर मी बराच वेळ ट्रॅक्टरखालीच पडून राहिलो, घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करत. मग इसरूनं न मागता पाना दिला. तो या वेळी बरोबर होता.

लिव्हर मी सीटच्या उजव्या हाताला बसवला. ट्रॅक्टर सुरू केला. पातं आधी थरथरलं, कारण जॅकमध्ये हवा होती. आठ-दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तेव्हा हवा निघून गेली. टाकीत तेल कमी झालं होतं, ते वाढवलं. मग इसरूला वर बसवलं. मी खालून "ओढ" म्हणालो की त्यानं ओढलं, पातं डावीकडे वळलं. "ढकल" म्हणालो की ढकललं, उजवीकडे. गोदामापुढे गावातली माणसं जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "मान हालवते रे बैलावानी." धुरपता पदर तोंडाला लावून उभी होती. पिन काढायची गरज नव्हती.

डोमा संध्याकाळी येऊन पाहून गेला. "इथी तर फिरते, लहानूभाऊ," तो मला म्हणाला. "सकाळी लाइनवर पाहू. गार्डसाहेबबी येऊन राह्यले. त्यायले दाखवून देऊ. जमलं तर इसरूच चालवीन, मले काय."

सकाळी आम्ही नाल्याच्या लाइनवर गेलो. सागाची पानं पट्टाभर पसरली होती. वनखात्याचा गार्ड सायकल झाडाला टेकवून उभा होता, डोमा त्याच्या शेजारी. धुरपताही आली होती, हातात खराटा घेऊन. "सवयीनं आणला," म्हणाली.

इसरूनं पातं खाली टेकवलं आणि निघाला. नाला डावीकडे होता. पातं फिरलं ते उजवीकडे. पानांचा ढीग सरसरत थेट बांबूच्या रांजीत.

"अबे थांब!" डोमा ओरडला. "नाला तिकडं हाय!"

इसरूनं ट्रॅक्टर थांबवला, मागे घेतला, लिव्हरकडे पाहिलं, ओढला. पातं डावीकडे आलं. निघाला. थोडं पुढे एक खुंट होता, तो चुकवायला पातं जरा सरळ करावं लागलं, आणि त्यानंतर पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाला बांबूत.

"हे काय चाललं?" गार्ड म्हणाला. "बांबूत पाला टाकायले लाइन करून राह्यले का तुमी? ठिणगी पडली तर सगळ्या रांज्या जातीन."

धुरपता खराटा घेऊन पळाली आणि रांजीतून पाला बाहेर ओढायला लागली. ओढता ओढता ओरडत होती, "वढा न! ढकलता कायले? वढा!"

"वढूनच राह्यलो!"

"ढकलून राह्यले तुमी!"

मी ट्रॅक्टरबरोबर चालायला लागलो आणि "ओढ", "ढकल" सांगू लागलो. सांगितलं की बरोबर व्हायचं. गप्प बसलो की उलटं. इसरूच्या कपाळावर घाम आला होता. घाबरला की माणूस जास्त चुकतो. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला.

डोमा जवळ आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "इसरू, राग नको मानू. हे आलं तरी तुह्यानं होऊन नाई राह्यलं. उद्या सुकलूले बसवतो. तू गोदामावर बसत जा, काही ना काही काम काढू."

गोदामावर काही काम नव्हतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. इसरू "बरं" म्हणाला. फक्त बरं.

मी जॅक तपासला, पाइप तपासले. सगळं बरोबर होतं. लोडरवर असतं तसंच मी जोडलं होतं. चूक मला सापडेना. तेवढ्यात धुरपता केसांतला पाला झटकत माझ्याजवळ आली.

"भाऊजी, ते बंडी हाकून राह्यले."

"म्हणजे?"

"त्यायचा हात पाहा न. लिव्हर नाई धरला, कासरा धरला."

मी इसरूला म्हटलं, ट्रॅक्टर बंदच असू दे, नुसतं मला दाखव, उजवीकडे पाला टाकायचा असेल तर काय करशील. त्यानं उजव्या हातानं लिव्हर आपल्याकडे ओढला आणि खांदाही थोडा मागे घेतला, बैल वळवताना घेतात तसा. ट्रॅक्टर येण्याआधी त्यानं आयुष्यभर बैलबंडी चालवली होती. जंगलातून लाकडं, बांबू, सगळं बंडीवर. उजव्या हातातला कासरा ओढला की बैल उजवीकडे वळतात, ढिला सोडला की डावीकडे. मी लिव्हर बसवला त्याच्या उजव्या हाताला, आणि तो ओढला की पातं वळत होतं डावीकडे.

"डोमाभाऊ, जरा थांबा," मी म्हणालो. "गार्डसाहेब, तुम्हीपण."

"काय बिघडलं?" डोमानं विचारलं.

"बिघडलं काही नाही. दोन पाइपांची अदलाबदल करतो. चहा पिता तेवढा वेळ."

"इथी चहा कुठी हाय, बाप्पा?"

"मग बिडी ओढा."

पाइप सोडले, तेल सांडलं, या तोंडाचा त्या तोंडाला लावला, त्या तोंडाचा या तोंडाला. घट्ट केलं. धुरपतानं तेलाचा डबा धरला आणि मी टाकीत ओतलं.

इसरू वरून वाकून पाहत होता. "आता कसं करू, भाऊजी? वढू का ढकलू?"

"मला विचारू नको. बंडी हाक."

तो सरळ बसला. इंजिन सुरू झालं. नाला डावीकडे, आणि त्याचा हात आपोआप पुढे सैल गेला. पातं डावीकडे वळलं. पाला लाटेसारखा घसरत नाल्याकडे पडत गेला आणि मागे तांबूस, स्वच्छ पट्टा उघडा होत गेला. खुंट आला, हात जरा मागे आला, पातं सरळ झालं, खुंट गेला, पातं पुन्हा डावीकडे. आता "ओढ", "ढकल" सांगायची गरज पडली नाही. लाइनच्या टोकाला वळताना त्यानं लिव्हर ओढला आणि तोंडानं "टॉक टॉक" आवाज काढला, बैलांना काढतात तसा. आपण काय केलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. पाला उजवीकडे, नाल्यात.

डोमा इतका हसला की बिडी विझली. "इसरू, संध्याकाळी त्याले वैरण टाकजो बरं! अन् पाणी पाजजो!"

गार्डनं सायकल घेतली. "नाल्याची झाली की टेकडीची घ्या," एवढं बोलून तो गेला. सुकलूचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. डोमानंही नाही. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा विषय काढला. तो सहा महिने बंद होता म्हणे.

मी दोन दिवसांसाठी आलो होतो. पंपामुळे राहिलो. मग मोह पडायला लागला. पहाटे धुरपता टोपली घेऊन निघून जायची आणि दुपार उलटली की परत यायची, हातांना त्या फुलांचा गोड वास. अंगणभर मोह वाळत पडलेला. मी दुपारी इसरूची भाकर घेऊन टेकडीच्या लाइनवर जायचो, तेवढंच चालणं.

एकदा गेलो तर ट्रॅक्टर लाइनच्या मधोमध उभा. मला वाटलं पाइप फुटला. घाईनं गेलो. इसरू नुसता बसला होता, मागे वळून पाहत.

"काय झालं? तेल गळतं का?"

"नाई, भाऊजी. बेस चालून राह्यलं." तो ओशाळला. "मागं पाहून राह्यलो होतो. ती नाई न आता. दिवसभर कोणी काही बोलूनच नाई राह्यलं. पातं वाकडं गेलं तरी कोणी वरडत नाई. कसं तरी वाटते."

मी भाकरीचं फडकं सोडलं. चटणीचा वास आला. खाली गावाच्या बाजूला मोहाच्या झाडांत बायकांचे आवाज ऐकू येत होते, त्यात धुरपताचा सगळ्यांत मोठा. कुणाच्या तरी बकरीवर ओरडत होती.

"घरी गेलास की बोलेल ना ती," मी म्हणालो.

"त्याचा काही नेम नाई," इसरू म्हणाला. "मोह वेचून थकते अन् लवकर झोपते."

"मग आज जरा लवकर जा. बाकी लाइन उद्या."

"डोमा काय म्हणीन?"

"मी सांगतो त्याला."

तो हसला, भाकर संपवली, हात पायजम्याला पुसले. मग लिव्हर ओढून पातं सरळ केलं, वर उचललं आणि ट्रॅक्टर गावाकडे वळवला. मी रिकामं फडकं खांद्यावर टाकून त्याच्या मागे चालायला लागलो. ट्रॅक्टर हळू चालला होता, म्हणून बरोबर राहता येत होतं.